दोनशेचाळीस, तीनशेवीस

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात मुलाखत.
केळुसकरांनी प्रतींची यादी पुढे सरकवली:
एकशेऐंशी, दोनशेदहा, दोनशेचाळीस, तीनशेवीस.
"भावाप्रमाणे लाव. महाग ते वर."

अकरा मिनिटांत लावली.
चाचण्या सगळ्या हिरव्या.
पडद्यावरचा त्यांचा भाचा, ठाण्याहून,
कोड वाचून खूश: स्वच्छ आहे, मामा. दहापैकी नऊ.

केळुसकर काही बोलले नाहीत.
लॅपटॉप उघडाच उचलून
निवडीच्या टेबलाशी गेले, मी मागून.
शेवंता आरोलकर पाकळ्या वेगळ्या काढत होती,
फोडणीच्या दिवसांचा चीक
अजून नखांच्या कडांना.

तिने यादी पाहिली. हात थांबले नाहीत.
"तीनशेवीस वर? गो बाय, मालकाक बुडवतलंस.
पौंडात किती गर बसतत, तो आकडो.
आकडो मोठो, तितको गर बारको."
आणि एक एकशेऐंशी माझ्या तळव्यावर ठेवला.

कोडमध्ये एकही चूक नव्हती.
फक्त सगळं उलटं होतं.

पुण्यात सहा वर्षं मी
कर्जदार लावले, पार्सलं लावली,
कुणाकुणाचे रक्तगट लावले,
तळव्यावर कधी कुणी काही ठेवलं नाही.

फॉर्मवर दुसरा रकाना होता: धंद्याची समज.
केळुसकरांनी पेन टेकवलं, उचललं.
"सोमवारपासून ये. पंधरा दिवस हिच्या शेजारी बस.
लॅपटॉप घरी ठेव."

पगाराचं विचारलं, तर गर तोंडात टाकत म्हणाले,
"तो आकडा मात्र लहान म्हणजे लहानच."