प्रति, मा. आमदार

सदुसष्ट साली पहिल्यांदा टाइप केला हा अर्ज,
घोडपदेवच्या नाक्यावर, ताडपत्रीखाली.
विषय : बावकर चाळीमागील टेकडीस
संरक्षक भिंत बांधून मिळणेबाबत.
मशीनचा ‘ळ’ तेवढा अडकायचा,
म्हणून चाळ दर वेळी पेनानं पुरी करावी लागे.

तेव्हा आमदार कॉम्रेड विश्राम घाग.
अर्ज उभ्याउभ्याच वाचला,
चष्मा नव्हता, माझाच घेतला.
सभागृहात तारांकित प्रश्न लावला.
उत्तर आलं : बाब तपासाधीन आहे.
ते उत्तर आम्ही चौकट करून
मीटरच्या पेटीवर टांगलं.
सरकारला आपली चाळ माहीत आहे
एवढ्यावर पाच वर्षं निघाली.

मग भार्गवशेठ केणी.
त्यांच्याकडे अर्ज द्यायचा नाही, सांगायचं.
सांगितलं की “झालं समजा” म्हणायचे.
आम्ही समजलो.

इंदुमती चुरी एकट्याच टेकडीवर चढल्या.
अर्ध्यात चपलेचा अंगठा तुटला,
तशाच अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या,
पावलं मोजत. एकशे बारा.
खाली येऊन मला म्हणाल्या, हा आकडा घाला अर्जात,
आकड्याला घाबरतात ते.
फाइल मंत्रालयात तिसऱ्या टेबलापर्यंत पोचली
आणि विधानसभाच बरखास्त झाली.
पुढच्या वेळी बाई पडल्या.
आकडा अजून आहे अर्जात.

पंच्याऐंशीच्या श्रावणात
रात्री तीनला टेकडी आली खाली.
सतरा आणि अठरा नंबरची खोली.
जनाबाई लाड, तिचा धाकटा शशी,
आणि गावाहून परीक्षेला आलेला एक भाचा,
त्याचं नाव मतदारयादीत नव्हतं,
म्हणून निवेदनात मी ‘इतर एक’ असं टाइप केलं.
ते खोडायला हवं होतं.
त्याचं नाव यशवंत.

मग भिंत झाली.
मदन तोडणकरांच्या काळात, चाळीस फूट,
जेवढी टेकडी पडली होती तेवढीच.
पडली नव्हती तिथे तरतूद नव्हती.
उद्घाटनाची शिळा मात्र ग्रॅनाइटची,
तिच्यावर अकरा नावं,
गवंड्याचं नाही.

नंतरचे मला नीट आठवत नाहीत.
एकाने बाकडी दिली, पाठीवर स्वतःचं नाव असलेली,
आम्ही त्याला टेकून बसतो.
एकजण निवडून आला एका बाजूने,
चहा निवायच्या आत दुसऱ्या बाजूला गेला.
मी तीनदा लेटरहेड बदलून नक्कल काढली.

मग मतदारसंघ नव्याने आखले.
नकाशा घेऊन आलेला पोरगा बरा होता बिचारा,
म्हणाला, काका, रेघ नाल्यावरून गेलीय.
नाला आमच्या मोरीखालून जातो.
आता चाळ एका मतदारसंघात
आणि टेकडी दुसऱ्या.
इथले आमदार म्हणतात, टेकडी आमची नाही.
तिथले म्हणतात, टेकडीवर मतदार कुठे आहेत?
बरोबर आहे दोघांचंही.
टेकडीवर एक पिंपळ आहे, आणि बकऱ्या.

मी आता पुतण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो.
अर्ज कॉम्प्युटरात आहे, ‘भिंत’ नावाने.
फक्त वरची ओळ बदलायची.
‘ळ’ अडकत नाही इथे,
तरी चाळ शब्द आला
की हात खिशातल्या पेनाकडे जातो.

उद्या मोजणी.
आज संध्याकाळी दोन प्रती काढून ठेवल्यात,
एक इकडच्यासाठी, एक तिकडच्यासाठी.
मजकूर तोच, एकशे बारा पावलं, बाहत्तर फूट बाकी,
अंदाजच आमचा, पावलाचा फूट धरून.
‘मा. आमदार श्री./श्रीमती’च्या पुढे
चार बोटं जागा सोडली आहे.
नाव फारच लांब निघालं
तर ओळ खाली उतरेल,
एवढंच.