विंगेतून

बावीस वर्षं मी वही धरून बसले
उजव्या विंगेत, रंगाच्या डब्यावर उशी टाकून.
अंगात खडकीच्या कारखान्यातल्या टेबलाचा शिणवटा,
मांडीवर संहिता,
आणि प्रत्येकाचं वाक्य ओठांच्या जरा अलीकडे, तयार.
प्रॉम्प्टर ऐकू आला तर चोर,
नाही आला तर तो नाहीच,
आप्पा खांबेट्यांनी पहिल्याच तालमीला सांगितलेलं.
नसण्यात मी तरबेज झाले.

हेरंब दातीर आला तेव्हा भालदार होता.
एकच वाक्य: ‘जी, महाराज.’
ते तो असं म्हणायचा
की लोक महाराजांना सोडून त्याच्याकडे बघायचे.
चौथ्या वर्षी सेनापती. सहाव्या वर्षी राजा.
आठव्या वर्षी, नारायण पेठेतल्या शाळेच्या हॉलमध्ये,
पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेल्या कार्यकारिणीत
आप्पांविरुद्ध सात हात वर.
आप्पांनी चष्मा पुसला. किल्ल्या टेबलावर ठेवल्या.
‘सायकलचा पंप तेवढा माझा,’ म्हणाले, आणि तो घेऊन गेले.

सातवा हात माझा होता.
हेरंबनं नुसतं बघितलं होतं माझ्याकडे.
कुणी बघितलं की हात वर जातो,
हे मला तोवर माहीत नव्हतं.

नाटक जुनं, पेठांना पाठ.
सेनापती धन्याला गडावरच्या विहिरीत लोटतो,
गादीवर बसतो,
आणि मग पाचव्या अंकापर्यंत त्याला पाणी पिववत नाही.
पहिल्या अंकात टाळी वाजवतो: ‘कोण आहे रे तिकडे?’
दहा जण धावत येतात.
शेवटी तीच टाळी, तेच वाक्य, आणि कोणी येत नाही.
एवढ्यावर नाटककारानं राज्य बुडवलं.

डिसेंबरातला रविवार. रात्रीचा प्रयोग.
तिसऱ्या रांगेत, कडेला, तिकीट काढून आलेले आप्पा.

टाळी वाजली.
वाक्य आलं नाही.
सगळ्यात सोपं वाक्य, भालदारालाही येणारं.
त्यानं विंगेकडे पाहिलं.
बेगडी मुकुटाखाली घाम, आणि डोळे
नेमकं तेच विचारत होते
जे तोंडाला आठवत नव्हतं.

तिकडे मी होते.
वाक्यावर बोट. ओठ मिटलेले.

एक. दोन.
वरचा दिवा गुणगुणत होता.
तीन. चार.
चार आकड्यांचं माझं राज्य,
डबा आणि वर उशी एवढी गादी.
घसा कोरडा पडला.
पाचवा आकडा मोजणार
तोच मागून, मफलरीतून, कुणीतरी स्वच्छ आवाजात म्हणालं:
‘कोण आहे रे तिकडे! म्हणा की!’

नाट्यगृह फुटलं हसून.
त्याचं मरण तलवारीनं लिहिलं होतं.
तलवार विंगेत तशीच राहिली.

आप्पांसाठी केलं, असं मी पुढे कित्येकांना सांगितलं.
खोटं.
आप्पा स्वतः लकडी पुलाशी भेटले, सायकल हातात धरून.
‘हात वर केलात, ते चालतं,’ म्हणाले.
‘वाक्य द्यायचं असतं, लोहकरेबाई.’
आणि पुलावरून चालत गेले, हवा भरलेली असूनही.

अकरा वर्षांनी भिकारदास मारुतीजवळ
वह्या-पेनांचं एक दुकान दिसलं. गल्ल्यावर कोणी नव्हतं.
काचेवर टिचकी मारली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
हळू, विंगेतल्या आवाजात:
‘कोण आहे रे तिकडे?’

आत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज.
मग पडदा न हलता,
रस्त्यावरच्या माणसानंही वळून बघावं असं:
‘जी.’

मी दोनशेपानी वही मागितली.
सुटे नव्हते त्याच्याकडे.
माझ्याकडेही नव्हते.