दोन सूत आत

थाळनेरला तापीच्या काठावर
गाव तिला नुसतं 'घुमट' म्हणतं.
"म्हैस कुठंय?" "घुमटाकडं."
आत कोण निजलंय, हे विचारायची
कुणाला कधी निकड पडलेली नाही.

पहिल्या दिवशी टेप धरली.
आठ बाजू, आठही सारख्या, असं गृहीत धरलेलं,
तर पश्चिमेची चार बोटं कमी भरली.
पुन्हा मोजली. पुन्हा चार बोटं.
सुलतानाच्या गवंड्याचीही दोरी
एखाद्या पहाटे दवात आखडली असेल.
नकाशावर मी ती तशीच काढली,
चार बोटं कमी.

मागच्या डागडुजीवाल्यांनी सिमेंट थापलेलं.
सिमेंट पाणी आत येऊ देत नाही म्हणतात;
आत आलेलं बाहेरही जाऊ देत नाही.
काळा दगड आतल्या आत घामेजत राहिला,
मग मीठ ओकू लागला.
आम्ही ते छिन्नीनं सोडवलं, तळहाताएवढं रोज,
पोपट कमानीच्या घडीतून खाली बघत असायचे.

मुनाफ तडवी यावलकडचा, चुन्याचा माणूस.
हौदात चुना, गूळ, बेलाचा गर, हिरड्याचं पाणी.
रोज ढवळायचा, मग वाकून कान लावायचा.
वरून फोन यायचे, काम कुठवर आलं.
तो म्हणायचा,
"चुना आजून बोली ऱ्हायना, भाऊ.
त्याले गप व्हवू दे."
मी अहवालात लिहिलं: साहित्य परिपक्व होत आहे.

शिलालेखात राजाच्या नावाची दोनच अक्षरं उरलीत.
ती कोरून ठळक करायची नाहीत, असा नियम.
पडलेल्या दगडाच्या जागी नवा बसवायचा
तो जुन्याहून दोन सूत आत.
म्हणजे कुणी भिंतीवरून बोट फिरवलं
तर बोटाला कळावं: इथून पुढे आपण.
आयुष्यात इतका सरळ नियम
मला दुसरा कुणी सांगितला नाही.

मोठ्या कबरीच्या पायथ्याशी एक लहान कबर आहे,
हातभर.
तिच्याजवळ सिमेंट निघालं तेव्हा
खालच्या जुन्या गिलाव्यात
शेळीचे खूर उमटलेले. चार स्पष्ट,
पाचवा घसरलेला.
ओल्या चुन्यावरून पळाली असेल,
मागून कुणी ओरडलं असेल, तिच्या मालकाच्या नावानं.
तक्त्यात रकाना होता: नुकसानीचे कारण.
मी पेन उचललं, ठेवलं.
मुनाफनं खुरांच्या कडेकडेनं गिलावा केला
आणि तेवढा तुकडा उघडा ठेवला.

शेवटच्या संध्याकाळी सगळं ओलं होतं.
तो बिडी ओढायला नदीकडे गेला,
मी सामान बांधत होतो.
बाहेर बाभळीखाली शेळ्या ओरडत होत्या.
दाराची जाळी मी ओढून घेतली होती का,
आता नीट आठवत नाही.