फुटामागं एक सूत

मेलो तेव्हा स्क्रीनवर एक गाव अर्धं होतं.
रिलीजला नऊ दिवस. छातीत कळ आली,
म्हटलं, आधी सेव्ह करतो.

डोळे उघडले ते गंगावेशीत.
म्हणजे मीच बनवलेल्या गंगावेशीत.
सुट्टीत दोन तास फोटो मारायला आलो होतो,
तेवढंच कोल्हापूर इथं आहे.
म्हशी तीन. तिन्ही एकच.
शेपूट हलतं ते तिघींचं एकदम.
दुधाचा फेस उतू जातो, सांडत नाही.
सूर्य रंकाळ्यावर टेकलेला, मावळत नाही;
रात्रीचं काम मी पुढच्या महिन्यावर ढकललं होतं.

आधी वाटलं, देव झालो.
भिंतीतून आरपार जायची फट मला ठाऊक,
पुलाखालची सोन्याची पेटी मीच ठेवलेली.
चार दिवसांत सगळं लुटलं
(दिवस कसले, एकच संध्याकाळ).
विकत घ्यायला काही नव्हतं.

दूधवाले जोतीराम म्हणाले,
"धारोष्ण हाय, प्या की."
मामा, मी मेलोय.
"धारोष्ण हाय, प्या की."
अहो, मी बनवलंय तुम्हाला.
"धारोष्ण हाय, प्या की."
प्यालो. चव नव्हती.

तालमीतला पोरगा शड्डू ठोकतो, लढत नाही.
चप्पलवाल्या अक्काताईंना मी पाय दिले नव्हते,
काउंटरमागं कुणाला दिसणार होते?
एकदा वाकून बघितलं.
तेव्हापासून त्या गल्लीनं जात नाही.

उद्यमनगर मात्र फोटोवरून केलेलं नव्हतं.
ते एका रात्रीत, आठवेल तसं:
पत्र्याचं शेड, सागाचा भुसा, रंधा,
आणि आप्पा.
शामराव लोहार, पॅटर्नमेकर. पाठमोरे.
चेहरा करायला वेळ नव्हता म्हणून पाठमोरे.
वाक्य एकच दिलेलं, "जेवलास काय?"
फोनवर तेवढंच म्हणायचे.
पुढचं मी ऐकून घ्यायचो नाही, हे खरं.

बाकावर त्यांची पट्टी होती. उचलली
तर हाताला शंका आली:
हा फूट फुटापेक्षा मोठा आहे.

सहावीत ही पट्टी मी शाळेत नेली होती.
भूमितीतली एकूण एक रेषा चुकली,
घोरपडे बाईंनी तास संपेपर्यंत उभं केलं.
घरी येऊन भांडलो, तुमची पट्टी खोटी आहे.
आप्पांनी हातातली पटाशी खाली ठेवली.
"खोटी न्हाई रं. बीड थंड झालं की आटतं,
फुटामागं एक सूत.
आटणार हे धरूनच साचा
तेवढा मोठा करायचा असतो."

मी हे गाव अगदी मापात केलं.
कुणाला एक सूत जादा दिलं नाही.
जोतीरामांना एक वाक्य पुरेल, एक दिलं.
पोराला शड्डू पुरेल.
मग सगळं थंड झालं, मीसुद्धा.

पण ही पट्टी इथं कुणी ठेवली?
मी तर साधी, बारा इंची टाकली होती,
कुठल्याशा तयार संचातून.

इथं कीबोर्ड नाही. पटाशी आहे.
पहिल्यांदा अक्काताईंचे पाय करायला घेतले.
माप कुणाचं घ्यायचं कळेना,
आईच्या टाचांच्या भेगा आठवत होत्या,
त्यावरून अंदाज धरला, वर एक सूत.
डावा बिघडला. परत केला. परत बिघडला.
अंगठ्याला लागलं, रक्त आलं नाही,
तेही कधीतरी करावं लागेल.

"जेवलास काय?"
नाही अजून, म्हटलं. तुम्ही?
रंधा चालूच राहिला.
जराशानं परत, "जेवलास काय?"
आणतो काहीतरी, म्हटलं.

दूध आणायला गंगावेशीत गेलो.
जोतीराम म्हणाले ते नेहमीचंच.
हंडी धरून उभा होतो, उगाच बघत,
तर तिघींपैकी कडेच्या म्हशीचं शेपूट
जरा उशिरा हललं.