आठ बाय बत्तीस

बोरा बाजारातल्या दुकानात मुर्तझाभाईंनी
काचेवर हिरवी बनात अंथरली,
तीन दुर्बिणी ओळीनं ठेवल्या
आणि मामांकडे बघितलं.

मामा म्हणाले, बारा पटीची द्या.
चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस कमी का मागेल?

मुर्तझाभाई गिऱ्हाइकाशी वाद घालत नाहीत.
त्यांनी मामांना पायरीवर उभं केलं.
समोर तिसऱ्या मजल्यावर पत्र्याची पाटी,
कुठल्याशा नोटरीची.
वाचा, म्हणाले.
अक्षरं हत्तीएवढी झाली
आणि थरथरायला लागली.
"पाटी हलतेय."
"पाटी नाही हलत, साहेब."
एवढंच, तेही दुसरीकडे बघत,
चिंधीनं भिंग पुसता पुसता.

आता गंमत अशी की
हे सगळं मला मामांनीच शिकवलेलं.
तानसाचं रान, एकसष्ट साल, मचाण,
वडिलांची सात बाय पन्नास
गळ्यात विटेसारखी लोंबणारी.
"पन्नासाला सातानं भाग.
जेवढं येईल तेवढ्या मिलिमीटरचा उजेड डोळ्यात उतरतो.
दिवेलागणीनंतर तोच कामाचा.
बारा पट घेऊन येतो तो मिरवायला येतो.
जनावर मोठं दिसून सापडत नाही, बाय.
पाचोळ्यात एक कान हलतो.
तो टिपायला रुंद बघावं लागतं."

मग तीच द्या, सात बाय पन्नास, मामा घुश्शात म्हणाले.
मुर्तझाभाईंनी काढली. पुसली. दिली नाही.
"तरुणाची बाहुली अंधारात सात मिलिमीटर उघडते.
आपली आता चार. फार तर साडेचार.
बाकीचा उजेड पापणीवर सांडणार.
फुकट वजन वागवायचं का?"

मामा गप्प झाले.
वारा, अंतर, चांदणं, सगळ्याचा हिशेब ठेवणारा माणूस;
स्वतःचा डोळा तेवढा मोजायचा राहिला होता.

बत्तिसाला आठानं भागलं. चार आले.
पट्टा आखूड करून घेतला, पावती घेतली.

गोरेगावला आमचा नववा मजला,
खाली सोसायटीची भिंत, भिंतीपलीकडे आरे.
बंदूक पंच्याऐंशी सालीच पोलिसात जमा झाली,
कातडं ट्रंकेत कसरीनं खाल्लं.
ते वडिलांनी मारलेल्याचं.
मामांच्या गोष्टीत जनावर पडल्याचं मी कधी ऐकलं नाही.
त्यांची गोष्ट करवंदीच्या जाळीशी,
पानावरच्या एका थेंबापर्यंत येते
आणि मग ते चहा मागतात.

सात वाजले की कोपरं कठड्यावर.
श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं.
तर्जनी चाक फिरवते
आणि फिरवून झाल्यावरही वाकलेलीच राहते.
खालून वॉचमन ओरडतो, आजोबा, आला का?
मामा उत्तर देत नाहीत. रानात कोण उत्तर देतं?

काल त्यांनी न बोलता दुर्बीण माझ्या हातात दिली.
भिंत. पाण्याची टाकी. कचऱ्याचा डबा.
डब्यामागं काळपट काहीतरी.
"पिशवी आहे," मी म्हणाले.
"पिशवीला कान असतात?"

मी पुन्हा डोळ्याला लावली.
आठच पट होती,
तरी भिंत हलत होती.