गुण्या

अठ्ठावीस वर्षं कळव्याच्या शाळेत मराठी शिकवलं.
काठावरच्या पोरांना अर्धा-अर्धा गुण वाढवून
ढकललं पुढे.
कुठे गेली ती, कुणास ठाऊक.

मुलीचं नाव ठेवलं ऋजुता.
अर्थ विचारणाऱ्यांना सांगत आलो : सरळपणा.
दहावीला ब्याऐंशी टक्के.
मी सायन्सचे फॉर्म आणून फ्रिजवर ठेवले,
तिने वागळे इस्टेटला जाऊन
आयटीआयत नाव घातलं.
ट्रेड : फिटर.

हा शब्द मी महिनाभर
चौथ्या मजल्यावरच्या साठमांपासून लपवला.
"टेक्निकलला आहे," म्हणायचो
आणि लिफ्टचं बटण दाबायचो.

तिनेच मग जेवताना समजावलं,
आमटीत बोट बुडवून ताटाच्या कडेला रेघा ओढत :
दोन वर्षं हे.
एक वर्ष कारखान्यात शिकाऊ, तेव्हा विद्यावेतन.
वाटलं तर डिप्लोमा, थेट दुसऱ्या वर्षाला.
"आणि डिग्री?"
"तीही, हवीशी झाली तर.
आधी मला कानस नीट धरता येऊ दे."

वाचन सुटेल तुझं, मी म्हणालो.
ड्रॉइंग वाचते की, ती म्हणाली.

सहा आठवडे ती लोखंडाचा एकच तुकडा घासत होती.
नखांत काळं, तळव्याला फोड,
डब्याच्या पिशवीला तेलाचा वास.
एवढ्या दिवसांत मी अर्धं पुस्तक संपवायचो,
मुलांना कळो न कळो.

काल तो तुकडा रुमालात बांधून घरी आणला.
त्याला गुण्या लावून ट्यूबलाइटसमोर धरला.
"बघा, उजेड दिसतो का?"

दिसला. केसाएवढा.
"वा, छान!"
(जन्मभर फळ्यावर लिहीत आलो, उजेड म्हणजे ज्ञान.)

"छान काय, बाबा?
उजेड दिसतो म्हणजे चुकलंय.
भोईर मॅडम परत घासायला लावणार."

केसाएवढंच तर आहे, मी म्हणालो.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी कधी कुणाच्या पेपरकडे
पाहिलं नव्हतं.

रात्री ती झोपल्यावर
गुण्या टेबलावर तसाच. लहानसा, जड.
शब्दकोश उघडावासा वाटला, उघडला नाही.
भिंतीवरची एम.ए.ची चौकट उतरवली,
धूळ पुसली,
कोपऱ्याला गुण्या लावून दिव्यासमोर धरली.

चारही कोपरे पाहिले.
तिसऱ्यातून तर
पोस्टकार्ड गेलं असतं.