उलटा अर्धा फेरा

उद्यमनगरात सव्वीस वर्षं लेथवर काढली.
लोखंडाला विनंती चालत नाही.
पान्यावर अंगाचा भार टाकायचा, दात खायचे,
शेवटी कर्रर्र वाजलं
की समजायचं, बसला.

मग शेड विकली गेली. आता गोकुळ शिरगाव,
वीजमीटरच्या पेट्या. राखाडी प्लास्टिक,
चार कोपऱ्यांत चार पोकळ खुंट्या.
त्या खुंटीला इथं बॉस म्हणतात.
पहिल्याच दिवशी मी अकरा बॉस फोडले.

लाईनवरच्या पोरी तोंडाला ओढणी लावून हसल्या.
मेहरून हसली नाही. शिकलगारांची ती,
आज्जा तिचा कागल ते गारगोटी
सायकलवर सहाण बांधून विळ्यांना धार लावत हिंडायचा.
म्हणाली, "मामा, ह्यात आटे आधीपासनं नसत्यात.
पहिल्यांदा जाताना स्क्रूच पाडतोय.
दुसऱ्यांदा नवे पाडाय गेला, की जुनेबी गेले."

"मग?"

"मग आधी उलटा फिरवायचा. हळू, दोन बोटांनी.
जुन्या वाटंचं तोंड गावलं की
स्क्रू इवलासा खाली उतरतोय, टक्कन.
कानाला न्हाई, बोटाला कळतंय.
तिथनं सरळ. आणि डोकं टेकलं
की थांबायचं."

थांबायला मला महिना लागला.
मनगट आपोआप पुढं जायचं,
शिव्या द्यायची सवय लागलेल्या जिभेसारखं.

परवा रविवारी घरचा मिक्सर उघडला.
बायको सांगत होती, बूड हलतंय, चार वर्षं हलतंय.
तीन स्क्रू नीट. चौथा नुसताच गरागरा,
भोकात पांढरा भुसा, आणि बॉसच्या अंगावर
वरपासून खालपर्यंत एक चीर.
कुणी आवळला होता एवढा, विचारायची गरज नव्हती.
चार वर्षं तिनं वाटण वाटताना
डाव्या हातानं मिक्सर दाबून धरला होता,
आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

मेहरूननं कागदाच्या पुडीत
पितळेच्या दोन चिमुकल्या बुश दिल्या होत्या.
चिरेभोवती तांब्याची तार गुंडाळली,
सोल्डरिंगच्या टोकानं बुश तापवली, भोकावर टेकवली.
दाबली नाही. प्लास्टिक मऊ होत गेलं,
तिच्या वजनानं ती उतरत गेली.

"झालं?" बायकोनं विचारलं.
म्हटलं, गार होऊ दे. हात नको लावूस.
ती ओट्याशी उभी राहिली. मीही.